सुरतेत मराठी नाटक होते का?

मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आमच्या घरी उतरले, म्हणजे घारी, लोचो आणि पोंक यांची चौकशी आटोपल्यावर एक प्रश्न ते हटकून विचारतात : "काय हो, तुमच्या सुरतेत मराठी नाटकबिटक काही होते का?" या प्रश्नामागे कुतूहल थोडे आणि कीव अधिक असते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वाचकांना ही कीव चांगली परिचयाची आहे. कित्येक वर्षे मी या प्रश्नाला एकच ठरीव उत्तर देत आलो. "कसले हो! मुंबईचे एखादे नाटक दौऱ्यावर आले, तर तेवढेच." हे उत्तर देताना आपण खरे बोलत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ते उत्तर चुकीचे होते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, उभा जन्म मराठी शाळेत काढलेल्या माणसाला हे पन्नाशी उलटल्यावर उमगावे, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. तरीही सांगतो, कारण माझ्यासारखी समजूत करून घेतलेली मंडळी बडोद्यात, इंदुरात आणि हैदराबादेतही असतील, असा माझा कयास आहे.

नाटकाचे शहर

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सुरत हे नाटकाला पारखे शहर नव्हे. गुजराती रंगभूमीवर हौशी नाटकाची ध्वजा ज्यांनी उभी केली, ते चंद्रवदन मेहता १९०१ साली सुरतेतच जन्मले. धंदेवाईक कंपन्यांची भपकेबाज नाटके त्यांना मान्य नव्हती. रेल्वेत राबणाऱ्या साध्या माणसांच्या जीवनावर त्यांनी 'आगगाडी' हे नाटक लिहिले, आणि गुजराती रंगभूमीला एक नवी वाट दाखवली. हिंदी चित्रपटांतील थोर नट संजीवकुमार यांचा जन्मही १९३८ साली सुरतेचाच. त्यांचे मूळ नाव हरिहर जरीवाला. आडनावावरूनच घराण्याचा सुरतेच्या जरीशी असलेला संबंध ध्यानात येतो. त्यांची सुरुवात रंगभूमीवरच झाली, आणि आज शहरातील एका मोठ्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. नानपुऱ्याचे गांधी स्मृती भवन तर आमच्या पिढीच्या नाटकवेड्यांचे दुसरे घरच होते. महानगरपालिका नाट्यस्पर्धा भरवते, त्यात गुजराती हौशी संस्था हिरिरीने उतरतात.

पारशी समाजाची नाटके हा तर सुरतेचा खास ठेवा. यझदी करंजिया यांनी आयुष्यभर पारशी गुजरातीतून विनोदी नाटके केली, घरच्या माणसांना सोबत घेऊन केली, आणि २०२० साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा साऱ्या शहराला आनंद झाला. या पारशी नाटकांकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

आता या वैभवात मराठी कोठे? थट्टेने बोलायचे, तर सुरतेत मराठी माणसाच्या नावावर जमा असलेले सर्वांत गाजलेले नाट्य १९०७ सालच्या डिसेंबरात, काँग्रेसच्या अधिवेशनात झाले. त्यात लोकमान्य टिळक व्यासपीठावर होते आणि रंगमंचावर एक जोडाही येऊन पडला होता! ते सोडले, तर दाखवण्याजोगे मला काही दिसत नसे. कारण माझी मोजपट्टी पाहुण्यांचीच होती. वातानुकूलित नाट्यगृह, तिकीटबारी, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि जाहिरातीत ओळखीच्या नटाचे छायाचित्र. या मोजपट्टीत जे बसत नाही, ते नाटकच नव्हे, असे मी धरून चाललो होतो.

तापीच्या काठाने आलेली माणसे

सुरतेतील मराठी माणूस मुख्यतः कोठला, हे ठाऊक असल्याखेरीज पुढचे उमजणार नाही. काही जुनी घराणी पेशवाईच्या आणि गायकवाडीच्या काळापासूनची आहेत, काही कुटुंबे नोकरीनिमित्त बडोद्याहून व मुंबईहून आली. माझे घराणे बडोद्याचे. परंतु आज लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जी मराठी वस्ती पसरली आहे, तिचा फार मोठा भाग खानदेशातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून आगगाडीचा मार्ग निघाला आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेशी जोडली गेली. पुढे सुरतेत यंत्रमागांचे आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे जाळे वाढले. खानदेशातील कोरडवाहू शेतीला पोट भरेना. आणि माणसे त्याच रुळांवरून इकडे आली. या मार्गावर नवापूरचे स्थानक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांची गत या स्थानकासारखीच असते.

ही माणसे घरात अहिराणी बोलतात. अहिराणी ही मोठी कौतुकाची बोली आहे. मराठी 'आहे' म्हणते, गुजराती 'छे' म्हणते, अहिराणी 'शे' म्हणते. मराठीत 'रामाचा, रामाची, रामाचं'. गुजरातीत 'रामनो, रामनी, रामनुं'. अहिराणीत 'रामना, रामनी, रामनं'. दोन भाषांच्या सीमेवर घर बांधून राहिलेली ही बोली आहे. ग्रिअर्सनसाहेबांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या शेजारी बसवले. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीहून निराळी मोजली गेली असून तिचे भाषक अठरा लाखांवर भरतात. ती भाषा की बोली, हा वाद पंडितांनी घालावा. मला सांगायचे आहे ते इतकेच की, सुरतेतील मराठी शाळेच्या बाकावर बसणारे मूल घरून ही बोली घेऊन येते. आमच्या महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यांत मराठी एक आहे. या मुलांना मराठी पाठ्यपुस्तक हे पहिल्या दिवशी जवळजवळ परभाषेचे पुस्तक असते.

साडेआठ ते दहाची रंगभूमी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या वस्त्यांत नाटक होते. गणेशोत्सवात होते, नवरात्रात होते, शिवजयंतीला होते, आंबेडकर जयंतीला होते, सोसायटीच्या सत्यनारायणाला होते. तिकीट नसते. जाहिरात म्हणजे मंडपाच्या खांबाला टांगलेली पाटी. रंगमंच म्हणजे डेकोरेटरने आणलेल्या लाकडी फळ्या, पडदा म्हणजे दोन साड्या. साड्यांना मात्र सुरतेत तोटा नाही. पडद्याच्या बाबतीत आमची लहान रंगभूमी मुंबईच्या बरोबरीची आहे.

या नाटकाचे वेळापत्रक कारखाना ठरवतो. मागावरची पाळी बारा तासांची. दिवसपाळी सात-आठच्या सुमारास सुटते, त्याच वेळी रातपाळीचे लोक आत शिरतात. घरी येऊन अंघोळ व जेवण होईपर्यंत साडेआठ वाजतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायचा तर सणासुदीची खास सवलत हवी. एरवी पोलीस येऊन तो बंद करतात. म्हणजे उरला दीड तास. त्यात आरती, अध्यक्षांचा सत्कार आणि देणगीदारांची नावे वाचणे वजा जाता नाटकाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे मिळतात. मुंबई-पुण्यात एकांकिका हा प्रकार स्पर्धांमुळे फोफावला. आमच्याकडे तो पाळीमुळे जन्माला आला.

तालमी सोसायटीच्या अगाशीवर होतात. ज्याची रातपाळी असेल त्याची भूमिका तालमीत दुसऱ्या कोणीतरी वाचायची, आणि पाळी बदलली की दोघांची अदलाबदल. त्यामुळे प्रत्येक नटाला किमान दोन भूमिका पाठ असतात. पूर्वी स्त्रीपात्रे मुलगेच करत. आता मुली उभ्या राहतात. पण रात्रीच्या तालमीला मुलीला पाठवायची, तर तिची आई किंवा मावशी तालमीला येऊन बसते. या आया-मावश्या नुसत्या बसत नाहीत. "चूल अशी पेटवत नाहीत, वाकून फुंकर घाल," असे दिग्दर्शकाला डावलून सांगतात. त्या अगाशीवर मी जे अभिनयशिक्षण पाहिले, ते पुष्कळशा शिबिरांत पाहिले नाही.

याखेरीज खानदेशी माणसाने गावाकडून आणलेली रंगभूमी आहे, ती निराळीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला देवीचा मुखवटा समजून सजवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. या रात्रींत वहीगायन चालते. हाताने लिहिलेल्या वहीतून कथा गायची, डफ वाजवायचा, गाणाऱ्याने प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा. यात सोंग आहे, संवाद आहे, प्रेक्षक आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा तरी याहून निराळे काय होते? तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. सुरतेत तो पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि तेव्हा कारखाने बंद असल्यामुळे आमचे निम्मे नट नंदुरबारच्या गाडीत बसलेले असतात.

हे सारे माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर चालू होते. मला ते का दिसले नाही? याचे उत्तर देण्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

माझी चूक

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा साधा शिक्षक होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकले लिहिले. कारखान्यात काम करणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती. विषय मुलांच्या घरचा, पण भाषा माझ्या घरची. थोरल्या मुलाची भूमिका ज्याला दिली, तो तेरा वर्षांचा पोरगा तालमीबाहेर विलक्षण चुणचुणीत होता. नकला करून वर्गाला लोळवायचा. तालमीत मात्र तो खांबासारखा उभा राही. "आई, मला फार भूक लागली आहे," हे वाक्य मी त्याच्याकडून शंभरदा घोटवून घेतले असेल. 'आहे'तला 'हे' त्याला नीट साधला, तेव्हा मला कृतकृत्य वाटले.

प्रयोगाच्या दिवशी पटांगण भरले होते. तो रंगमंचावर आला, समोर आपले सारे गणगोत पाहिले, आणि घोटवलेले वाक्य विसरला. क्षणभर थांबला. मग पिशवी खाली टाकून म्हणाला, "माय, माले भूक लागनी!"

पटांगणात एकच हशा उठला. हशा कुचेष्टेचा नव्हता. पहिल्या रांगेतली एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "ये रे भाऊ, जेवाले बठ!" पोरगा तिच्याकडे वळला आणि तिला उत्तर देऊ लागला. खांब हलला, चालू लागला. पुढची दोन-तीन मिनिटे त्याने जे केले, ते माझ्या संहितेत नव्हते. आणि माझ्या सबंध नाटुकल्यात तेवढाच भाग नाटक होता.

विंगेत उभ्या असलेल्या मला हे काहीही कळले नाही. पाहुणे म्हणून आलेले अधिकारी काय म्हणतील, एवढेच डोक्यात होते. मी पडदा ओढायला सांगितले. आत आल्यावर सगळ्यांसमोर त्याला बोललो. "आठ दिवस शिकवलेले एका क्षणात मातीत घातलेस," हे माझे शब्द मला आजही ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. रातपाळी करून परस्पर आले होते. केसांत सुताचे तंतू तसेच होते. हात जोडून त्यांनी विचारले, "गुरुजी, मन्हा पोऱ्यानं काय चुकनं?" मी त्यांना शुद्ध भाषेचे महत्त्व समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. जाताना मी त्यांना तेच सांगितले, जे मी तेव्हा प्रत्येक पालकसभेत सांगत असे : "घरी शुद्ध बोलत जा, म्हणजे मुलांच्या पेपरात चुका होणार नाहीत." तो मुलगा त्यानंतर शाळेच्या रंगमंचावर कधी चढला नाही. पुढे आठवीनंतर शाळा सुटली आणि तो कामाला लागल्याचे कानावर आले.

गंमत अशी की, त्याच वर्षी मी वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता तन्मय होऊन शिकवत होतो. जळगावजवळच्या आसोद्याच्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. त्यांची बोली अहिराणी नव्हे. ती तिची शेजारीण. ती पुस्तकात छापलेली होती म्हणून मला गोड वाटत होती. शेजारच्या बाकावरून कानावर आली, की लाल शाई काढत होतो.

बोलीचे नाटक

वस्तुतः मला सावध करणारी उदाहरणे शहरातच होती. मघा पारशी नाटकांचा उल्लेख केला. पारशी मंडळींची गुजराती ही व्याकरणाच्या पुस्तकातली गुजराती नव्हे. तिचे उच्चार निराळे, शब्द निराळे, शिव्यासुद्धा निराळ्या. पण रंगमंचावर चढताना त्यांनी ती कधी धुऊन-इस्त्री करून घातली नाही. म्हणूनच संख्येने लहान असलेल्या त्या समाजाचे नाटक गुजराती प्रेक्षकही आवडीने पाहत आला आहे.

मराठीतही हेच घडलेले आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणले. कोकणातल्या एका गावात पौराणिक नाटक बसवताना उडणारा गोंधळ, आणि सगळा मालवणीत. त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. मालवणी न जाणणारा प्रेक्षकही त्यात सामील होता. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग मराठवाड्याच्या बोलीत केला आणि देशोदेशी नेला. बोलीमुळे नाटक लहान होते, हे मला कोणी शिकवले होते, ते आठवत नाही. पण मी ते शिकलो होतो.

त्याहून जुना दाखला महाराष्ट्राबाहेरचा आहे, आणि तो आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. भावे यांच्या आधी दीडशे वर्षे मराठी नाटके लिहिली गेली, ती तंजावरात. १६८४ साली गादीवर आलेल्या शहाजीराजांनी स्वतः मराठी नाटके रचली. 'पंचभाषाविलास' नावाच्या त्यांच्या नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदतात. परमुलखात राहणाऱ्या राजाला आपल्या दरबारात जे कानावर पडते ते रंगमंचावर आणण्यात कमीपणा वाटला नाही. सुरतेतील एका शिक्षकाला तो वाटला.

गणपतीचा सातवा दिवस

२०२४ च्या गणेशोत्सवाआधी पस्तिशी ओलांडलेला एक गृहस्थ शाळेच्या कार्यालयात आला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का? मी तुमचं नाटक पाडलं होतं." मी खुर्चीतून उठलो.

तो आता भरतकामाच्या यंत्रांच्या एका कारखान्यात कारागीर आहे. गेली दहा-बारा वर्षे डिंडोलीत आपल्या सोसायटीच्या मंडपात दरसाल एक नाटक बसवतो. लिहितो तोच, बसवतोही तोच. त्याने पिशवीतून वही काढली आणि म्हणाला, "सर, यातलं मराठी तेवढं तपासून द्या. आणि सातव्या दिवशी पाहुणे म्हणून या."

मी रात्री ती वही वाचली. नाटकाची गोष्ट साधी. साक्रीकडच्या खेड्यातून एक म्हातारी सुरतेला मुलाकडे राहायला येते. तिची नात गुजराती आणि हिंदी बोलते, शाळेतले मराठी थोडे बोलते. आजीची अहिराणी तिला येत नाही. दोघी एकाच खोलीत राहतात आणि एकमेकींशी बोलू शकत नाहीत. नाटकात कारखान्याचा शेठ सुरती गुजराती बोलतो, शेजारी राहणारा गंजामचा कारागीर ओडियामिश्रित हिंदी बोलतो, आणि एक गुरुजी आहेत, ते पुस्तकी मराठी बोलतात. पहिल्याच प्रवेशात ते गुरुजी नातीच्या बापाला सांगतात, "घरी शुद्ध बोलत जा, म्हणजे मुलीच्या पेपरात चुका होणार नाहीत."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात तपासण्यासारखी चूक काही नव्हती.

प्रयोगाला गेलो. दीडशे-दोनशे माणसे असतील. मागे कठड्यावर मुले बसलेली. शेठच्या बोलण्यावर शेजारच्या सोसायटीतले गुजराती कुटुंब पोट धरून हसत होते. गुरुजी आले, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहून हसले; मीही हसलो. शेवटच्या प्रवेशात कंटाळलेली म्हातारी बोचके बांधून उधना स्थानकाकडे निघते. कोणी अडवत नाही. तेव्हा कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली नात वर पाहते आणि विचारते, "आजी, तू कथा चालनी?" म्हणजे, आजी, तू कुठे निघालीस? नाटकभर तिने उच्चारलेले हे अहिराणीतले पहिले वाक्य. म्हातारी बोचके खाली ठेवते. साड्यांचा पडदा पडतो.

मंडपात थोडा वेळ कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्यांत किती जणींच्या घरी असे बोचके बांधले गेले असेल, ते त्यांनाच ठाऊक. अध्यक्षीय भाषणासाठी माझ्या हाती ध्वनिक्षेपक आला. मी तयार करून नेलेले भाषण खिशातच ठेवले. एवढेच म्हणालो की, पंचवीस वर्षांपूर्वी या लेखकाचा एक प्रयोग मी अर्ध्यावर पाडला होता, त्याची माफी आज सर्वांसमक्ष मागतो. त्याचे वडील पहिल्या रांगेत होते. ते आता थकले आहेत, कानांनी अधू झाले आहेत. मी काय बोललो ते मुलाने त्यांच्या कानाशी जाऊन अहिराणीत सांगितले. त्यांनी पुन्हा हात जोडले. मला ते पाहवले नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शाळेत आम्ही पेढे वाटले. त्या दिवसाच्या प्रार्थनासभेत ही बातमी मी प्रमाण मराठीत सांगितली आणि सातवीतल्या एका मुलीला ती अहिराणीत सांगायला लावली. तिचे ऐकताना मुले अधिक लक्ष देत होती, हे कबूल केले पाहिजे. प्रमाण मराठी शिकवणे मी सोडलेले नाही. ते माझे काम आहे, आणि त्यावाचून या मुलांची पुढची दारे उघडत नाहीत. मात्र पालकसभेतले ते वाक्य मी बोलायचे बंद केले आहे.

एक विनंती

या लहान रंगभूमीपुढे अडचणी आहेत. अगाशीवर पावसात तालीम होत नाही, आणि गणेशोत्सव तर पावसातच येतो. संहिता वह्यांत राहतात; वही हरवली की नाटक गेले. एका सोसायटीचे नाटक दुसऱ्या सोसायटीला ठाऊक नसते. एका प्रयोगानंतर ते संपते.

यांवरचे उपाय खर्चाचे नाहीत. मुंबईत अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ साली 'आविष्कार' काढली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. मराठी प्रायोगिक रंगभूमीचे एक सबंध पर्व 'छबिलदास' या नावाने ओळखले जाते. ते शाळेचे सभागृह होते, हे आपण विसरतो. प्रत्येक शहरात शाळा आहेत, मंडळांच्या वाड्या आहेत, आणि संध्याकाळनंतर त्या रिकाम्या असतात. माझ्या शाळेतील एक मोठी खोली पावसाळ्यात तालमीसाठी मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केला आणि परवानगी मिळाली. त्या खोलीत गेल्या पावसाळ्यात दोन सोसायट्यांच्या तालमी झाल्या. आमच्या वरच्या वर्गातील मुले सुंदर हस्ताक्षरात संहितांच्या प्रती करतात. अहिराणी कशी लिहायची, यावर त्यांचे माझ्याशी वाद होतात, आणि बहुधा तीच बरोबर असतात.

आपल्या गावी असेच काही चालू असेल. बडोद्यात ते निराळ्या बोलीत असेल, इंदुरात निराळ्या. नाट्यगृहाची जाहिरात पाहू नका. सोसायटीच्या खांबावरची पाटी वाचा. मुलांना घेऊन जा, पुढच्या रांगेत बसा, आणि घरी कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना अवश्य न्या.

परवाच पुण्याहून एक स्नेही आले होते. घारी खाऊन झाल्यावर त्यांनी अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न विचारलाच. मी घड्याळ पाहिले. आठ वाजले होते. म्हटले, "चपला घाला. डिंडोलीला साडेआठला सुरू होते."